भागूआत्याचा नारळ

गेनूच्या धाकट्या बन्सीचं जावळ काढलं, ते साल एकोणीसशे सत्तावन्न. चैत्र महिना होता. भोसरीच्या वेशीबाहेर लिंबाखाली न्हावी बसला, बन्सीच्या मामानं त्याला मांडीवर घेतलं आणि कापलेले केस झेलायला भागूआत्या पदर पसरून पुढं झाली. गेनूला सख्खी बहीण नव्हती, म्हणून पोराच्या आत्याचा मान बापाच्या आत्याकडं आला होता. पहिली बट पदरात पडते न पडते तोच मागून एका पाहुण्या बाईचा आवाज आला.

"अगं बया, हिच्या पदरात कशापायी? हिचा धनी हाय का न्हाई, हेच कुणाला ठावं न्हाई!"

बाई हळूच बोलली होती. पण पोरगं रडायचं थांबलं होतं आणि न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता, तेवढ्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. भागूआत्यानं पदर मागं घेतला नाही. सगळं जावळ झेललं, नदीत सोडायला नेलं, जेवणाच्या पंगतीत वाढलंसुद्धा. पण संध्याकाळी गेनूनं पाहिलं, ती गोठ्यात म्हशीच्या अंगावर हात ठेवून नुसती उभी होती.

भागूबाईची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. तिचा नवरा जोतीराम पलटणीत होता. पहिल्या मोठ्या लढाईत, सन सोळा साली, मुंबईला बोटीत बसून तो बसऱ्याकडं गेला. तेव्हा ती तेरा वर्षांची. पुढं त्याचं एक पत्र आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. त्यात बैलांची चौकशी होती आणि खाली आईबापाला दंडवत. त्यानंतर सरकारचा कागद आला की माणूस सापडत नाही. मेला असं त्यात नव्हतं. जिवंत आहे असंही नव्हतं. बारा वर्षं सरल्यावर सासरचे म्हणाले, आता पळसाच्या पानांचा माणूस करून जाळू, दिवस घालू, मोकळे होऊ. भागूबाई त्याच दिवशी नेसत्या लुगड्यानिशी उठली आणि चाकणच्या बाजूचं सासर सोडून चालत भोसरीला भावाच्या दारात आली. भावाची बायको नुकतीच गेली होती आणि सहा महिन्यांचा गेनू पाळण्यात रडत होता. आत्यानं त्याला उचललं, ते उचललंच. भाऊही पुढं वारला. गेनूचं लग्न तिनं लावलं, रंभेची बाळंतपणं तिनं केली. आणि एकेचाळीस वर्षं कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात हिरवा चुडा तिनं सोडला नाही. कोणी हळदीकुंकवाला बोलावलं तर जायची. नाही बोलावलं तर त्या घराचं नाव काढायची नाही.

गेनू पिंपरीच्या नव्या कारखान्यात बाटल्या धुवायच्या खात्यात होता. त्या वर्षी त्याला पहिल्यांदा भरपगारी रजा मिळणार होती. गावात ही गोष्ट कोणाच्या गळी उतरेना.

"कामाला जायचं न्हाई आन् पगार घ्यायचा?" चावडीवर म्हातारे म्हणायचे. "गेनबा, तुला काढून टाकायचा डाव हाय त्यो. शाना हो."

त्याच खात्यात अलिबागकडचा हसुराम होता. तो म्हणाला, "चल आमच्याकडं. पोराबाळांना दर्या दाखव. माझी आई एकटीच हाय, घर मोकळं हाय. भाडं नाय, काय नाय."

गेनूनं घरी विषय काढला, तर रंभा चुलीपुढून म्हणाली, "दर्यात काय हाय?"

"पाणी."

"पाणी बघायला पाच दिस? आपल्या हिरीत न्हाई का पाणी?" मग चुलीत लाकूड सारत, "देव हाय का तिथं एखादा?"

"हाय की. डोंगरावर म्हादेव हाय, कनकेश्वर. सातशे पायऱ्या हायेत म्हनं."

"मंग जाऊ," रंभा म्हणाली. देव असला की प्रवासाला नाव लागतं. नुसतं बघायला गेलो असं माहेरी कोणत्या तोंडानं सांगायचं, ही तिची अडचण होती, ती सुटली.

आठ वर्षांच्या गवराला बोटीत बसायचं होतं. गेनूला समुद्रातला किल्ला बघायचा होता. हसुरामनं सांगितलं होतं की अलिबागचा किल्ला पाण्यात आहे, पण ओहोटीला वाळू उघडी पडते आणि माणूस चालत आत जातो. हे गेनूच्या डोक्यातून जाईना. सकाळी जिथं पुरुषभर पाणी, तिथं दुपारी चालत कसं जायचं? त्यानं गवराच्या वहीतलं पाठीमागचं पान फाडलं आणि त्यावर दिवस लिहून काढले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर ढोबळं होतं, पण सरळ होतं.

सगळे बोलत असताना भागूआत्या डाळ निवडत होती. मध्येच तिनं विचारलं, "गेनू, त्यो दर्या म्हंजी मुंबईचाच का रं?"

"त्योच. हसुराम म्हनतो मुंबईहून निघालेली बोट त्यांच्या समोरनंच जाती."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग मी बी येते."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. आळंदी आणि चाकणचा बाजार, यापलीकडं ती कधी गेली नव्हती.

"लई वर्सं झाली," ती म्हणाली, "चाकनच्या बाजारात एक कोकनातली बाई नारळ घिऊन बसायची. तिला मी माजं सांगितलं. ती म्हनली, दर्यानं नेलेल्या मान्साचं दर्यालाच इचारावं. त्येच्या नावानं नारळ सोडावा. नारळ पाण्यानं आत नेला, तर मानूस गेला म्हनायचं. माघारी आणला, तर मानूस हाय, वाट बगावी. मला एकदा इचारायचंय, गेनू. आता पंचावन्नाला आले. लोकं पोराच्या जावळात बोलत्यात. काय त्यो सोक्षमोक्ष हू दे. न्हाई म्हनला तर चुडा उतरीन. हाय म्हनला तर कुणाच्या बापाला भिनार न्हाई."

गेनू म्हणाला, "आत्या, तू येनार म्हंजी येनार." आणि पानावर सगळ्यांच्या वर तिचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हसुरामला भरतीओहोटीचं विचारलं. हसुराम बाटल्या धुता धुताच म्हणाला, "सोपं हाय. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. मंजे अष्टमीला बारा वाजता किल्ल्याची वाट उघडी. चंद्राचा घड्याळ हाय ता, किल्ली द्यायला नको."

गेनूला फार आनंद झाला. शेतात तो नक्षत्रांवर पेरणी करत आला होता. चंद्रावर समुद्र चालतो हे त्याला आपल्यातलंच वाटलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं पानावर तिथी मांडल्या. वैशाख शुद्ध षष्ठीला निघायचं. सप्तमीला कनकेश्वर. अष्टमीला बारा वाजता किल्ला. नवमीला मुरुडला जाऊन होडीतून जंजिरा. दशमीला पहाटे उठून सात वाजताची एसटी. मग सहज त्यानं विचारलं, "हसुराम, दर्यात नारळ सोडला तर त्यो जातो का माघारी येतो?"

"कधी सोडतो त्यावर हाय."

"म्हंजी?"

"ओहोटीला सोडला तर जातो. भरतीला सोडला तर येतो. त्यात इचारायचं काय? दर्याचा काय नारळाशी भांडण हाय?"

गेनूच्या हातात भाकरी होती, ती तशीच राहिली. आत्याच्या एकेचाळीस वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर त्याच्याच अक्षरात मांडलेलं होतं. सकाळी आठला सोडला तर मामा मेला. संध्याकाळी चारला सोडला तर जिवंत. आत्याचा नवरा म्हणून गेनू जोतीरामला मामाच म्हणायचा, त्याला कधी पाहिलं नसलं तरी. त्यानं पान घडी करून खिशात घातलं. घरी त्यातलं काही बोलला नाही. मनात म्हणाला, आत्या स्वतः येणार आहे, ती तिच्या हातानं कधी सोडेल ते सोडेल. आपण वेळ सांगायची नाही.

पण म्हशीनं घोटाळा केला. मोरी म्हैस आत्याशिवाय कोणाला पान्हा सोडायची नाही. आत्या धारेची कासंडी घेऊन गोठ्यात शिरली, तिचा चुडा वाजला, की मोरीचे कान उभे राहायचे आणि सड भरायचे. दुसरं कोणी बसलं की लाथ. शेजारची अंबुबाई धीराची बाई. तिनं आत्याचं लुगडं नेसलं, आत्याचा पदर तोंडावरून घेतला आणि खाली बसली. रंभा आणि गवरा दारात हसून बेजार. मोरीनं मान वळवून अंबुबाईला हुंगलं, क्षणभर विचार केला आणि कासंडी उडवून लावली.

"अगं मुडदे, लुगडं वळखू येत न्हाई व्हय तुला?" अंबुबाई शेणात बसल्या बसल्या ओरडली. "भागूबाई, ही म्हस न्हाई, तुमची सासू हाय!"

आठ दिवस प्रयोग चालला. पाच दिवस पिळली नाही तर म्हैस आटणार, कास दगडी होणार, हे सगळ्यांना कळत होतं. निघायच्या आदल्या दिवशी गेनू म्हणाला, "आपन रजा पुढं ढकलू."

आत्या म्हणाली, "अर्ज मंजूर झालाय न्हवं? पोरीनं पाटीवर दिस लिवून ठिवल्यात. मी ऱ्हाते. नारळ तूच सोड."

"आत्या—"

"तू माजा ल्योकच हायेस. तुज्या हातानं काय, माज्या हातानं काय." तिनं देवापुढचा नारळ उचलला, शेंडीसकट, त्याला हळदकुंकू लावलं, लाल फडक्यात बांधला आणि त्याच्या पिशवीत तळाला ठेवला. "फकस्त एक कर. काय व्हईल ते खरं सांग. मला बरं वाटावं म्हून काय बी सांगू नगंस."

गेनूनं मान हलवली. त्या वेळी तिला सांगून टाकावं, असं त्याला वाटलं होतं. आत्या, दर्याला काही माहीत नसतं, तो चंद्राचा नोकर आहे. पण ती पिशवीची गाठ इतक्या मन लावून बांधत होती, की जीभ उचलली नाही.

अलिबागला हसुरामच्या आईनं भात आणि माशाचं कालवण करून वाट बघितली होती. रंभेनं नाक मुरडलं आणि मग दोनदा वाढून घेतलं. सप्तमीला कनकेश्वर झाला. बन्सीला पाठुंगळी घेऊन गेनू सातशे पायऱ्या चढला आणि रंभेनं माहेरी सांगण्यापुरता अंगारा पुडीत बांधला. अष्टमीला बाराच्या आधी ते वाळूवर उभे राहिले आणि पाणी खरोखरच मागं सरलं. किल्ल्यापर्यंत ओली वाट उघडी पडली. गवरा हातात चपला घेऊन धावत सुटली. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर होती. चहूकडं खारं पाणी आणि मध्ये गोडं, हे बघून रंभा म्हणाली, "ह्ये मातर खरं बघण्यासारखं हाय." नवमीला मुरुडला जाऊन होडीत बसले. शिडाची होडी कलली की गवरा किंचाळायची आणि पुन्हा कलावी म्हणून वाट बघायची.

नारळ पिशवीच्या तळाशी होता. सप्तमीला सकाळी गेनूनं तो बाहेर काढला. पाणी ओसरत होतं. आत्ता सोडला तर जाणार, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं तो परत ठेवला. आपल्या हातानं मामाला कसं मारायचं? संध्याकाळी पुन्हा काढला. तेव्हा भरती लागली होती. आत्ता सोडला तर येणार. मग आत्या आणखी दहा वर्षं, वीस वर्षं, लोकांची बोलणी खात दाराकडं बघत राहणार. पुन्हा ठेवला. अष्टमी तशीच गेली, नवमी तशीच गेली. रंभा एकदा म्हणाली, "अवं, आत्याबाईंचं काम ऱ्हायलं की." तो म्हणाला, "सोडू, सोडू."

दशमीला पहाटे सहा वाजता सामान बांधून झालं. सात वाजता एसटी. आता पुढं ढकलायला दिवस उरला नव्हता. गेनू अनवाणी किनाऱ्यावर गेला, मागं रंभा बन्सीला कडेवर घेऊन. त्यानं मनात हिशेब केला नाही असं म्हणता येणार नाही. दशमीची पाऊणपट साडेसात. पाणी चढत होतं. तो गुडघाभर पाण्यात शिरला, डोळे मिटून मामाचं नाव घेतलं आणि नारळ सोडला.

नारळ थोडा आत गेला, लाटेवर वर आला आणि त्याच्या पायाशी येऊन थांबला. त्यानं पुन्हा कमरेइतक्या पाण्यात जाऊन टाकला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा अंगातला सगळा जोर लावून फेकला, तरी लाटेनं आणून वाळूवर ठेवला. कुंकू धुऊन गेलं होतं, शेंडी तेवढी ओली चिकटून होती.

रंभेचे डोळे भरले. "हायेत," ती म्हणाली. "अवं, मामा हायेत."

हसुरामची आई शिंपल्या गोळा करत होती. ती हसली. "भरतीला टाकतो तर येईलच, बाळा. न्याहारी करून ये, आठ वाजल्यानंतर टाक. मग बघ कसा जातो."

आठ वाजता ते घाटाच्या वाटेला लागलेले असणार होते. गेनूनं नारळ उचलला आणि खडकाच्या कडेला, पाणी पोचेल अशा जागी ठेवून दिला.

एसटीत दोघांचं भांडण झालं, दबक्या आवाजात.

"माघारी आला म्हून सांगा," रंभा म्हणाली. "जे झालं ते सांगा. त्यांनी बजावलंय."

"भरती होती म्हून आला. कुनी ओहोटीला टाकला असता तर गेला असता. त्यात मामाचं काय?"

"मंग भरती होती म्हून आला, असं सांगा."

"मंग तिनं इतकी वर्सं काय धरून ठिवलं? त्या कोकनी बाईचं खोटं बोलनं?"

"ते त्यांचं त्या बगतील. तुमी का ठरवता?"

गेनू खिडकीबाहेर बघत राहिला. दुपारी दीडपर्यंत ओहोटी असणार. तोवर खडकावरचा नारळ पाण्यानं नेलाच असेल. म्हणजे गेला असं म्हटलं तर ते खोटं कुठं होतं? फक्त त्याच्या डोळ्यांदेखत गेला नाही, एवढंच. घाट चढेपर्यंत त्याला हे पटलं होतं. त्याच्या मनात एकच होतं, ती सुटावी. पन्नाशी उलटलेल्या बाईनं कोणाच्या वाटेला डोळे लावून बसू नये.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या धार काढून गोठ्यातून बाहेर येत होती. तिनं कासंडी खाली ठेवली नाही. पोरांकडंही बघितलं नाही.

"काय झालं रं?"

"गेला, आत्या."

"माघारी वळला न्हाई?"

"न्हाई."

"एकदा बी?"

रंभा दारातून आत निघून गेली.

"न्हाई," गेनू म्हणाला.

आत्यानं कासंडी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "दूध तापवायला ठिवते. पोरं भुकेजली असतील." त्या रात्री तिनं पोरांना किल्ल्याचं सगळं सांगायला लावलं, गोड्या विहिरीचं दोनदा सांगायला लावलं आणि ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तिनं भटजीला बोलावलं. पवनेच्या काठी पळसाच्या पानांचा माणूस मांडला. सासरचं कोणी आलं नाही, सगळं गेनूनं केलं. पानं पेटली तेव्हा अंबुबाईनं दगडावर आत्याच्या बांगड्या फोडल्या आणि ओल्या पदरानं कुंकू पुसलं. कपाळावर त्या जागी फिकट गोल उरला. एकेचाळीस वर्षं ऊन न लागलेली कातडी होती ती. गेनूला तिकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या कासंडी घेऊन गोठ्यात गेली. मोरीनं मान वळवून बघितलं आणि पान्हा चोरला. आत्या बोलली, अंगावरून हात फिरवला, सरकी पुढं ठेवली. सड कोरडेच. ती तासभर तिथं बसून होती. पंधरा दिवसांत म्हैस आटली. अंबुबाई म्हणाली, "जनावर हाय. हातातला आवाज गेला, तिला वळखच पटंना." आत्यानं रिकामी कासंडी धुऊन उपडी घातली.

आत्या रडली नाही, आजारी पडली नाही. कामं करायची. पण पहाटे उठून अंगण झाडून दाराशी उभी राहायची तिची सवय होती, ती मोडली. उजाडलं तरी अंथरुणावर बसून असायची. एकदा गेनूनं विचारलं, "आत्या, आता बरं वाटतं ना? मोकळी झालीस."

"झाले की," ती म्हणाली. "पर सकाळी उटून काय करायचं, त्ये ध्यानात येत न्हाई. वाट बगायची असली की मानूस उटतो, झाडून काढतो."

त्या दिवसापासून गेनूला झोप लागेना. रंभा म्हणायची, "सांगून टाका." तो म्हणायचा, "बांगड्या फुटल्या, पानं जळाली. आता सांगून ती सवाष्ण व्हईल का? उलट माज्यावरचा इस्वास जाईल, त्यो एकच उरलाय तिला." मग त्यानं ठरवलं, पुढच्या रजेला तिलाच घेऊन जायचं. आता म्हशीची अडचण नव्हती. समुद्राच्या काठावर उभं करून तिला भरती दाखवायची, ओहोटी दाखवायची, दोन नारळ सोडून दाखवायचे आणि मग सगळं सांगायचं. डोळ्यांनी बघितल्यावर तिला राग आला तर येवो.

अठ्ठावन्न सालच्या पाडव्याला त्यानं नवं पान घेतलं. वैशाखातल्या तिथी मांडल्या. दिवसाकाठी एकच ठिकाण धरलं, आत्या थकली होती म्हणून. चढायला नको म्हणून कनकेश्वर काढून टाकला. मग तिच्यापुढं बसून वाचून दाखवलं.

तिनं ऐकून घेतलं. "मला कशाला नेतोस? माजं तिकडचं काम झालं."

"नुसतं बगायला."

"नुसतं बगायला?" ती जराशी हसली. "रंभेला न्हे. म्हादेव ऱ्हायला न्हाई पायजे, त्यो पुन्हा लिव."

"आत्या, तुला आलंच पायजे. मला तिथं तुला काय तरी सांगायचंय."

"हितं सांग की."

रंभा चुलीपाशी होती. तिनं हातातलं काम थांबवलं. गेनूनं पानाकडं बघितलं आणि म्हणाला, "तिथंच सांगतो."

"बरं," आत्या म्हणाली. "यीन मंग."

त्यानं कारखान्यात अर्ज दिला. रजा मंजूर झाली. मंजुरीचा कागद घेऊन तो घरी आला, तेव्हा आत्याला दोन दिवसांपासून कणकण होती. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि छाती भरून आली. डॉक्टर येऊन सुई देऊन गेला. चौथ्या रात्री ती शुद्धीवर नव्हती. गेनू उशाशी बसून होता. दोनदा तो तिच्या कानाशी वाकून "आत्या, नारळ" एवढं म्हणाला. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

पहाटे बायका जमल्या. अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा अंबुबाईनं पेटीतून साधं लुगडं काढलं. गेनू दारात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हिरवं नेसवा. कुंकू लावा. नारळ माघारी आला हुता. तीनदा आला हुता. मी खोटं बोललो."

जावळाच्या दिवशी बोलली होती ती पाहुणी बाईही त्यात होती, तिनं तोंडाला पदर लावला. रंभा भिंतीला टेकून रडू लागली.

अंबुबाईनं लुगड्याची घडी मोडली. "गेनबा," ती म्हणाली, "विधी झालाय. तू आज सांगतोस, ह्ये ती असताना सांगायचं. अकरा म्हैने ती बिनकुंकवाची हिंडली. आता आमी कुंकू लावलं तर आमच्या समाधानाला, तिच्या न्हाई. जा, भाईर बस."

तो बाहेर जाऊन बसला. बायकांनी तिला साधं लुगडं नेसवलं, कपाळ मोकळं ठेवलं आणि पुरुषांनी उचललं.

भागूबाई जोतीराम, वय पंचावन्न, बुधवार, ता. ९ एप्रिल १९५८ रोजी दिवस उगवायच्या आधी भोसरीत भाच्याच्या घरी वारली.